डिस्प्ले येत नाही

जुन्या डेस्कटॉपबद्दलचा फोन बहुतेक वेळा याच वाक्यानं सुरू होतो. पंखा फिरतोय, समोरचा दिवा लागलाय, पण पडदा काळाच. फोन करणाऱ्याचा आवाज कापरा असतो, कारण त्याच्या मते 'सगळा डाटा गेला'. मी विचारतो, चालू करताना आतून काही वाजतं का? "हो, टूंऽऽ टूंऽऽ करतंय की मघापासून." मग मी निर्धास्त होतो. अशी लांब, थांबून थांबून येणारी शिट्टी बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगते: मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड, जिवंत आहे, त्याला फक्त रॅम, म्हणजे कामापुरती स्मृती, सापडत नाहीये.

वायर काढा, झाकण उघडा, रॅमची पट्टी बाहेर घ्या. तिच्या खालच्या कडेला सोनेरी संपर्कपट्ट्या असतात, त्यांच्यावरून शाळेतला साधा खोडरबर हलक्या हातानं फिरवा. भुगा ब्रशनं झटका, फुंकर मारू नका, फुंकरीबरोबर थुंकी उडते. मग दोन्ही बाजूंचे खटके टक् करून बसेपर्यंत पट्टी परत दाबा. जाणकार लोक खोडरबराला नाकं मुरडतात, रबरानं सोन्याचा पातळ थर झिजतो म्हणतात, आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा म्हणतात. म्हणणं बरोबर आहे. पण शनिवारी रात्री आठ वाजता तालुक्याच्या गावात आयसोप्रोपिल कुठून आणणार? खोडरबर प्रत्येक घरात असतो. पाचएक मिनिटांनी परत फोन येतो, "डिस्प्ले आला," आणि लगेच, "तुमचे किती झाले?"

पैसे मी घेत नाही, कारण हा माझा धंदा नाही. माझी नोकरी हिशेबाची. पण मी कॉलेजात होतो तेव्हा असेंबल्ड पीसीचे दिवस होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचं. ती खोड काही सुटली नाही. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक अजून विचारतात. नवीन कोणता घेऊ हे विचारायला त्यांच्याकडे पुतण्ये-भाचे असतात. मला विचारतात, "हाच अजून चालेल का?"

माझं उत्तर बहुतेकदा 'चालेल' असं असतं, आणि त्यात हळवेपणा नसतो. बोळ्यानं दूध पिणारा मोडेम, गोळीवाला माऊस, पिवळट पडलेला कीबोर्ड यांच्या आठवणींनी ज्यांचा ऊर भरून येतो त्यांनी त्या मोडेमवर आज एकदा वीजबिल भरून दाखवावं. जुनं म्हणून मला काहीच प्यारं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की डेस्कटॉप स्वतःहून क्वचितच मरतो. बहुतेक वेळा त्याला मारलं जातं, आणि तेही तारीख जाहीर करून. त्या तारखांकडे येतोच. आधी खरे आजार.

पहिला आजार धुळीचा. कॅबिनेट उघडलं की आतल्या धुळीवरून घर ओळखता येतं. पिठाच्या गिरणीशेजारच्या दुकानात ती पांढरी आणि मऊ असते. छापखान्यात कागदाचा केसाळ भुगा. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत चिकट, तपकिरी, बोटाला तेल लावणारी. देवघराजवळ ठेवलेल्या संगणकात उदबत्तीची काजळी. कोकणातून आलेल्या एका कॅबिनेटमध्ये एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीमागे वाळलेली पाल होती. पाल मेली तशी एसएमपीएसही गेला होता. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं, नाहीतर वाऱ्यानं तो नको इतका गरगरतो आणि बेअरिंगचं भजं होतं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता कूलरकडे नेणारा लेप, दहा-बारा वर्षांत खडूसारखी कोरडी पडलेली असते. ती पुसून मुगाच्या दाण्याएवढी नवी लावली की दहा मिनिटांत बंद पडणारा संगणक दिवसभर चालतो. इंटेलच्या ७७५ सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसरच्या बैठकीवर, बसणाऱ्या कूलरला चार कोपऱ्यांवर प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यांतली चौथी कधीही पहिल्या दाबात बसत नाही. ज्यानं त्या खुंट्या शोधून काढल्या त्याला स्वतः कधी कूलर बसवावा लागला नसणार, अशी माझी खात्री आहे.

दुसरा आजार झिणझिण्यांचा. "कॅबिनेटला हात लावला की करंट बसतो." यात संगणकाचा दोष नसतो, घराचा असतो. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीचे छोटे कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, असतात, त्यांतून चुकार वीज अर्थिंगच्या तारेत जावी अशी योजना असते. अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर मेन्सच्या जवळपास निम्मा दाब येऊन बसतो. करंट अगदी थोडा, पण अनवाणी पायाला कळण्याइतका. जुन्या वाड्यांतल्या वायरिंगमध्ये अर्थिंगचं भोक असतं आणि त्यामागे तारच नसते. अशा वेळी मी कॅबिनेट बंद करतो आणि वायरमनला बोलवायला सांगतो.

तिसरा आजार वेळेचा. रोज सकाळी संगणक २००९ सालच्या १ जानेवारीत जागा होतो, आणि मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला 'सुरक्षित नाही' म्हणतो, कारण त्याच्या हिशेबानं त्या संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच व्हायची असते. लोक इंटरनेटवाल्याला शिव्या देत बसतात. बोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल बदलला की काम झालं. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

आणि चौथा, माझा आवडता. १९९९ ते २००७ च्या सुमाराला जगभरच्या बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरची साथ आली. आतल्या पाणीमिश्रित द्रावणात जे संरक्षक घटक हवेत तेच नीट नव्हते. वापरात वायू तयार व्हायचा आणि कॅपॅसिटरच्या डब्या फुगायच्या. एका कंपनीतून अर्धवट चोरलेल्या सूत्रामुळे हे झालं अशी गोष्ट त्या काळी सांगितली जायची. गोष्ट खरी असो वा नसो, प्रोसेसरच्या कडेनं ओळीत उभ्या असलेल्या कॅपॅसिटरची डोकी पुरीसारखी टम्म फुगलेली आणि एखादीतून तपकिरी रस गळलेला, हे दृश्य त्या काळात ज्यानं ज्यानं झाकण उघडलं त्यानं पाहिलंय. संगणकवाले म्हणायचे, "बोर्ड गेला, नवीन टाका." गावातला टीव्ही दुरुस्त करणारा मात्र तोच बोर्ड हातात घ्यायचा, १००० मायक्रोफॅरड ६.३ व्होल्ट असं वाचायचा, खणातून १०५ अंश तापमान सोसणारे नवे काढायचा आणि चहा येईस्तोवर लावून द्यायचा. सोल्डरिंग आयर्न हातात असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांच्या लेखी 'गेला'चा अर्थ वेगळा असतो. पुढे बोर्डांवर पॉलिमरचे घन कॅपॅसिटर आले आणि ती साथ सरली. म्हणूनच २००९-१० नंतरचे बोर्ड आज इतक्या निवांत चालताना दिसतात.

आता, हे सगळं मला घरच्या टेबलावर करता येतं याचं कारण माझं कौशल्य नाही. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमनं पीसी बाजारात आणला तो बराचसा बाजारात मिळणाऱ्या भागांतून जोडलेला होता, आणि त्याची तांत्रिक माहिती त्यांनी छापून विकली. बायॉसचा, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, कोड त्यांच्या मालकीचा होता, पण तोही कॉम्पॅकसारख्यांनी नव्यानं लिहून काढला, आणि पीसीचा आकार कुणा एकाच्या हातात उरला नाही. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाचं माप ठरवलं: बोर्डाला भोकं कुठे, मागच्या खिडकीचं माप किती, पॉवरचा जोड कसा. ते माप आजही चालू आहे. त्यामुळे काल विकत घेतलेला एसएमपीएस पंधरा वर्षांपूर्वीच्या बोर्डाला वीज देतो. आज मिळणारी साटा जोडाची एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपची डिस्क, २००७ च्या बोर्डावर बिनतक्रार बसते. लॅपटॉपमध्ये यातलं फारसं काही होत नाही. तिथे प्रत्येक मॉडेलचा सांगाडा निराळा आणि हल्ली तर रॅमसुद्धा बोर्डाला डकवलेली. डेस्कटॉपचं आयुष्य लांबतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी मेलेल्या डेस्कटॉपवर. माझ्या माळ्यावर एक खोकं आहे त्यात जुन्या डीडीआर-टू रॅमच्या पट्ट्या, साटाच्या लाल वायरी, व्हीजीए केबली आणि बारीक स्क्रूंची डबी असते. घरचे त्याला भंगार म्हणतात. बाहेरचे फोन करतात.

आता तारखा. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार बंद झाला. १४ जानेवारी २०२० ला विंडोज सेव्हनचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा. आदल्या रात्री जे यंत्र नीट चालत होतं ते दुसऱ्या सकाळीही तसंच चालत होतं. एकही डबी फुगली नव्हती. बदललं एवढंच की नव्या भगदाडांना आता नेहमीसारखी ठिगळं मिळणार नव्हती. विंडोज इलेव्हननं उंबरठा आणखी वर नेला: टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. म्हणजे सहाव्या-सातव्या पिढीचे, एखाद्या कार्यालयाला आणखी दहा वर्षं पुरतील असे दणकट संगणक एका यादीनं म्हातारे झाले. सुरक्षिततेचं कारण खोटं नाही. पण कार्यालयांमधून असे गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर पडताना पाहिले की चीड येते. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासात एक डेस्कटॉप आणि १७ इंची जुना मॉनिटर बनवायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड टन पाणी लागतं असा हिशेब मांडला होता. तो खर्च यंत्र घरी येण्याआधीच होऊन गेलेला असतो.

हिशेबी माणूस म्हणून दुसरी बाजूही सांगतो. प्रेस्कॉट जातीचा पेंटियम फोर, २००४-०५ चा, एकटा प्रोसेसरच शंभर वॅटच्या आसपास पिऊ शकतो. असा संगणक 'घरचा सर्व्हर' म्हणून चोवीस तास चालू ठेवणारे हौशी लोक मला भेटलेत. शंभर वॅट म्हणजे दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. तेच काम दहा-बारा वॅटचा छोटा डबा करतो. इथे जुनं जपणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. पेंटियम फोरला मी आता हात जोडतो. दिवसातून तासभर चालणार असेल तर गोष्ट वेगळी. माझी रेघ कोअर टू ड्युओ या प्रोसेसरपासून सुरू होते: २००६ नंतरचा, ६४ बिटचा, चार जीबी रॅम घेणारा.

अशा यंत्रावर खरा चमत्कार करते ती एसएसडी. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त. हवी ती नोंद डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायची वाट बघण्यातच सरासरी चार मिलिसेकंद जातात, शिवाय डोकं सरकवण्याचा वेळ वेगळा. सुरू होताना संगणक अशा हजारो चिल्लर नोंदी मागतो. प्रोसेसर बिचारा बहुतांश वेळ नुसता ताटकळत असतो आणि आपण म्हणतो 'स्लो झालाय'. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. एका निवृत्त शिक्षिका बाईंच्या कोअर टू ड्युओला मी २४० जीबीची एसएसडी, चार जीबी रॅम आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घालून दिली. बाई आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहितायत. त्यांना लिहिण्यासाठी लिब्रऑफिस, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि मोठा फाँट एवढंच लागतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "यात ते खालच्या कोपऱ्यातून सारखं काही वर येत नाही का रे?" मी म्हटलं, "नाही बाई, येत नाही." "मग बरंय." लिनक्सची याहून नेमकी शिफारस मी ऐकलेली नाही.

लिनक्सलाही जुन्याची दया कायमची नसते, हे मात्र सांगितलं पाहिजे. मूळ ३८६ प्रोसेसरचा आधार कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, २०१२ च्या शेवटी काढला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सला ३२ बिटच्या पीसीवर नव्यानं बसवण्याची सोयच उरलेली नाही. फरक एवढाच की तिथे कुणी सांभाळणारं उरलं नाही म्हणून दार बंद होतं, आणि कुणाला सांभाळायचं असेल तर त्याला आडकाठी नसते. बाकी ब्राउझरचं ओझं कुणीच कमी करू शकत नाही. चार जीबीत एका वेळी आठ-दहा टॅब, त्यात एखादा व्हिडिओ, की संपलं. बाईंना मी सांगून ठेवलंय, एक बंद करा मग दुसरं उघडा. त्या हसल्या. चाळीस वर्षं वर्गात त्यांनी मुलांना हेच सांगितलं होतं.

पण जुनं यंत्र का जगतं याचं सगळ्यात पक्कं उत्तर मला अण्णांच्या छापखान्यात मिळालं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वास्तुशांतीची कार्डं आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत रात्रभर हँडबिलं असा त्यांचा व्याप. आतल्या खोलीत जी३१ चिपसेटचा बोर्ड, कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, विंडोज एक्सपी आणि पानं जुळवायचं पेजमेकर ७. ही पेजमेकरची शेवटची आवृत्ती, २००१ ची. मागे पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या जोडाला, एक बोटभर डोंगल, मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं कुलूप. ते काढलं की अक्षरं बंद.

एक्सपी बदला, असं बाहेरून म्हणणं सोपं आहे. पण युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी छपाईचे फाँट बनले ते रोमन अक्षरांच्या जागा वापरून. संगणकाच्या लेखी फाइलमध्ये 'गणेश' नसतोच, काही इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते; तो ठरावीक फाँट लावला की पडद्यावर गणेश उमटतो. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की गणपतीच्या जागी कंस, स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हं. पेजमेकरला युनिकोडची देवनागरी जुळवता येत नाही. नव्या सॉफ्टवेअरला येते, पण त्यात जुन्या फाइली नेताना कन्व्हर्टरनं रफार आणि जोडाक्षरं कुठे सांडली हे एकेका ओळीत तपासावं लागतं. अण्णांकडे वीस-बावीस वर्षांच्या पत्रिका आहेत. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "थोरल्याच्या लग्नात छापली होती तशीच करा, फक्त नावं बदला." आणि अण्णा खरोखर ती फाइल काढतात. त्यांचा ऑपरेटर कीबोर्डकडे न बघता जुन्या मांडणीत टाइप करतो. या दोघांना युनिकोडचं महत्त्व पटवायला मी गेलो नाही, त्यांना ते पटलेलंच आहे. खर्च कोण करणार आणि लग्नसराईत आठ दिवस बंद कोण ठेवणार, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून आम्ही यंत्राला त्याच्या कामापुरतं कोंडलं. नेटची केबल काढून टाकली. पेनड्राइव्ह लावताच आपोआप काही सुरू होण्याची सोय बंद केली. एक्सपीत कितीतरी व्हायरस त्याच वाटेनं आत शिरायचे. हार्ड डिस्कची हुबेहूब नक्कल दोन डिस्कवर करून एक अण्णांच्या घरी कपाटात ठेवली. एसएसडी मुद्दाम घातली नाही, कारण रिकाम्या झालेल्या जागा एसएसडीला कळवण्याची रीत एक्सपीला ठाऊकच नाही. शेजारी दुसरा जुना डबा ठेवला, त्यावर लिनक्स. गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲपवर येणारे नवरा-नवरीचे फोटो तो घेतो, तयार पीडीएफ तोच पाठवतो. आतल्या खोलीतल्या यंत्राला बाहेर जग बदललंय हे कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. दसऱ्याला मात्र दोघांनाही झेंडूचं फूल मिळतं.

यात धोका एकच, बोर्डाचा. आभासी यंत्रात, म्हणजे नव्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या संगणकात, एक्सपी चालवून पाहिली, चांगली चालते, पण पॅरलल पोर्टचं डोंगल तिथे ओळख देत नाही. नव्या बोर्डांवर ते पोर्टच नसतं, आणि वेगळं कार्ड लावलं तर पोर्टचा पत्ता बदलतो आणि डोंगल पुन्हा रुसतं. म्हणून जी३१ चा एखादा चालू बोर्ड दिसला की मी थांबतो. परवा एका जुन्या सामानवाल्याकडे ढिगात दोन दिसले, दोन्हींवर पॅरलल पोर्ट, कॅपॅसिटरची डोकी सपाट. तिथूनच अण्णांना फोन लावला.

"एक घेऊ का?"

"चालू आहेत का बघितलंस?"

"एक चालू करून दाखवला त्यानं. दुसरा म्हणतो चालेल."

"दोन्ही घे. आणि मागच्या खिडकीची पत्र्याची पट्टी आहे का बघ दोन्हींना. नसली तर सांग त्याला, पट्टी नाही, पैसे कमी कर."

पट्टी एकालाच होती. शंभर रुपये सुटले.